अंतराळ स्थानकाचे मूत्रशुद्धी यंत्र मुंबईची पाणीकपात टाळेल काय?

जून कोरडा जाऊन पाणीकपातीची चर्चा सुरू झाली, की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हटकून फिरू लागतो. त्याचा आशय असा: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर लघवीतील ९८ टक्के पाणी पिण्यायोग्य केले जाते, इतक्या खडतर ठिकाणी चालणारे यंत्र मुंबईत सहज चालेल, लघवी मुळात निर्जंतुकच असते, तेव्हा प्रत्येक इमारतीत असे यंत्र बसवले, तर तलावांकडे डोळे लावून बसावे लागणार नाही आणि वर खतही फुकट मिळेल. यातले काही खरे आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीचे खपून जाते.

सर्वांत मोठी चूक हिशोबाची आहे. प्रौढ माणसाची लघवी दिवसाला साधारण दीड लिटर भरते. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. लहान मुलांचीही दीड लिटरच धरली आणि एक थेंब वाया गेला नाही असे मानले, तरी आकडा १९ दशलक्ष लिटरच्या आसपास येतो. महापालिका सात तलावांतून रोज जवळपास ४,००० दशलक्ष लिटर पाणी पुरवते. म्हणजे सारा खटाटोप जेमतेम अर्ध्या टक्क्यासाठी, आणि लोकसंख्या वाढल्याचे गृहीत धरले तरी चित्र फारसे पालटत नाही. जलवाहिन्यांच्या गळतीत आणि पाणीचोरीत याच्या कितीतरी पट पाणी जाते. पुनर्वापरच करायचा, तर वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील मलजल प्रक्रिया केंद्रांची नियोजित एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर आहे. चर्चा त्या पाण्याची व्हायला हवी.

नासाने २०२३ मध्ये जाहीर केलेला ९८ टक्क्यांचा आकडा खरा असला, तरी तो एकट्या लघवीचा नाही. श्वासातून व घामातून हवेत गेलेला ओलावाही त्यात धरलेला आहे. मूत्रप्रक्रिया यंत्र २००८ मध्ये स्थानकावर पोहोचले तेव्हा लघवीतील ८५ टक्के पाणी परत मिळेल, अशी अपेक्षा होती. परंतु वजनरहित अवस्थेत हाडे झिजून लघवीतील कॅल्शियम वाढते, आणि लघवी टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी संयोग होऊन त्याचे कॅल्शियम सल्फेट यंत्रात साचू लागले. पाणी परत मिळवण्याचे प्रमाण खाली आणावे लागले, पुढे फॉस्फोरिक आम्ल वापरात आले, आणि उरलेल्या दाट द्रावातून पाणी काढणारे आणखी एक यंत्र जोडल्यावर कुठे ९८ टक्के गाठता आले.

तेथे चालते म्हणून येथे चालेल, हा तर्क तर अगदीच तकलादू आहे. स्थानकावर गुरुत्वाकर्षण जाणवत नसल्याने द्रव भिंतीला धरून राहावा म्हणून ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे वाफ करून पाणी वेगळे काढण्याचे, पिंप फिरते ठेवलेले असते. मुंबईत त्या कसरतीचे प्रयोजनच नाही. उलट तेथे वापरणारी माणसे सहसा सात, सगळी प्रशिक्षित, आणि लघवी टिकवणाऱ्या क्रोमियमयुक्त आम्लाची मात्रा संकलनाच्या वेळीच मिसळली जाते. असे विषारी रसायन रहिवासी इमारतीत कोण हाताळणार? आम्ल घातले नाही, तर उबदार हवेत जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, आम्लता जाऊन द्रव अल्कधर्मी होतो आणि मॅग्नेशियम, अमोनिया व फॉस्फेट यांचे स्फटिक नळीत बसतात. सार्वजनिक मुतारीच्या जाळीखाली कठीण पिवळट थर दिसतो, त्यात हे स्फटिकही असतात, आणि फ्लशला बोअरवेलचे जड पाणी असेल तर तो अधिकच वाढतो. त्यात गुटख्याच्या पुड्या आणि विड्यांची थोटके येतात. लघवीत पाणी मिसळू नये म्हणून बिनपाण्याची मुतारी बसवली, तर तीत वास अडवण्यासाठी तेलासारख्या हलक्या द्रवाचा थर वापरतात. सफाईच्या सवयीने कोणी त्यावर बादलीभर पाणी ओतले, की तो वाहून जातो. मुंबईच्या परिस्थितीशी जुळवून घ्यायचे म्हणजे सरळ उताराची, कमी वळणांची रुंद नळी, सहज काढून धुता येणारा सापळा आणि तो धुण्याची रीत ठाऊक असलेला कामगार, एवढे आधी साधायला हवे.

लघवी निर्जंतुक असते, हा समज आता टिकत नाही. निरोगी मूत्राशयातही जिवाणू आढळतात, शिवाय संकलनात विष्ठेचा अंश मिसळण्याचा धोका असतोच.

खताचा मुद्दा मात्र दमदार आहे. सांडपाण्याच्या आकारमानात लघवीचा वाटा एखादा टक्काच, पण नायट्रोजन सुमारे ८० टक्के आणि फॉस्फरस निम्म्याच्या आसपास तिच्यातूनच येतो. अडचण जागेची आहे. अनेक कुटुंबांची लघवी एकत्र करून कोणत्याही पिकाला द्यायची, तर जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वे ती २० अंश तापमानाला किमान सहा महिने साठवायला सांगतात. पाचशे रहिवाशांच्या सोसायटीला त्यासाठी १ लाख ३५ हजार लिटरची टाकी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे तेरा-चौदा टँकर आवारात कायमचे उभे करण्यासारखे! मॅग्नेशियम घालून स्फटिकरूपात फॉस्फरस काढता येतो, पण बहुतेक नायट्रोजन द्रवातच राहतो. स्वित्झर्लंडच्या एआवाग या जलसंशोधन संस्थेने दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये वेगळा मार्ग चोखाळला: जिवाणूंकरवी अमोनियाचा काही भाग नायट्रेटमध्ये बदलून द्रव स्थिर करायचा आणि मग ऊर्ध्वपातनाने आटवायचा. ऊर्ध्वपातन अंतराळातही आहे आणि डर्बनमध्येही. फक्त अंतराळात पाणी राखायचे आणि दाट द्राव उपद्रवी ठरतो, तर डर्बनमध्ये तो दाट द्रावच खत म्हणून राखायचा. मुंबईत प्रयोग करायचाच, तर तो या दुसऱ्या वाटेने, कार्यालये आणि रेल्वे स्थानकांवरील मुताऱ्यांपासून करावा, कारण तेथे लघवी मुळातच वेगळी मिळते. घराघरांतल्या संडासांत ती फ्लशच्या पाण्यात मिसळून जाते आणि वेगळी करायची तर भांडी व नळ सगळेच बदलावे लागतील.