यंत्र येईल तेव्हा येईल, फाईल चोख हवी

संरक्षण मंत्रालयात तंत्रज्ञान-खरेदीच्या टेबलावर आपली नेमणूक झाली, त्याबद्दल अभिनंदन. आपल्याकडे ड्रोन, रेडिओ आणि थर्मल कॅमेरे सोपवले आहेत असा आपला समज असेल, तर तो आजच सोडावा. आपल्याकडे सोपवली आहे ती फाईल. यंत्र हे तिचे एक परिशिष्ट.

आरंभ अपेक्षित गुणधर्मांपासून, म्हणजे आपल्या बोलीत क्यूआरपासून करावा. चार-पाच कंपन्यांची माहितीपत्रके समोर पसरून हिचे वजन, तिचा पल्ला आणि तिसरीची बॅटरी असे वेचून घ्यावे. अशी वस्तू कोणीही बनवत नाही, ही विक्रेत्यांची अडचण झाली. लष्कराने २०११ मध्ये काढलेल्या सुमारे ६६,००० रायफलींच्या निविदेत, एकाच रायफलीतून नळी बदलून दोन वेगळ्या कॅलिबरच्या गोळ्या झाडता याव्यात अशी अट होती. २०१५ मध्ये ती निविदाच रद्द झाली. परंपरा मोठी आहे, दडपण घेऊ नये.

चाचण्या ‘विनाखर्च, विनाबांधिलकी’ असतात, म्हणजे खर्च विक्रेत्याचा आणि बांधिलकी कोणाचीच नाही. नमुना उन्हाळ्यात वाळवंटात आणि हिवाळ्यात लडाखमध्ये तपासावा लागतो. उन्हाळा हुकला, तर पुढचा वर्षानेच येतो, आणि ऋतुचक्राबद्दल अद्याप कोणाला कारणे दाखवा नोटीस निघालेली नाही.

तोवर यंत्रातली चिप बाजारातून गेलेली असेल. विक्रेता नवी, अधिक चांगली चिप बसवण्याची परवानगी मागेल. पण मग ते चाचणीत उतरलेले यंत्र राहत नाही. त्याचे पत्र ‘फ्लॅग फ’ लावून वर पाठवावे. ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा घेऊन फाईल परत येईल. चर्चा करावी. कार्यवृत्त लिहू नये.

ऑडिटचे भय बाळगावे, पण डोळसपणे. विलंबावरचा परिच्छेद खात्याच्या नावावर जातो. महाग खरेदीवरचा प्रश्न मात्र सही शोधत येतो. एवढे उमगले की सर्वांत स्वस्त एल-वनखेरीज दुसरा कोणताही पात्र विक्रेता आपल्या डोळ्यांना दिसेनासा होतो, आणि चाचण्यांनंतर एकच विक्रेता उरला तर फेरनिविदेचा मसुदा आपोआप सुचू लागतो.

फक्त ३१ मार्च विसरू नये. न खर्चलेला निधी परत जाणे ही एकमेव दिरंगाई आहे, जिच्याबद्दल दूरध्वनी येतो. अशा वेळी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून प्रिंटर घ्यावेत. टोनर वेगळ्या लेखाशीर्षाखाली येतो. त्याची फाईल पुढच्या वर्षी उघडावी.