फोटोत सावली काळी येते

गेल्या महिन्यात चित्रकलेच्या दोन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरत आला. नंतर शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या आईनेही तोच दाखवला आणि विचारलं, "सर, मग रविवारी मुलांना माहुलीला कशाला नेता?" मेसेजचा गोषवारा असा: निसर्गात हिंडणं म्हणजे कलाकारांचा कामचुकारपणा. लागतील ते सगळे संदर्भ मोबाईलवर मिळतात. शिवाय ही पैसेवाल्यांची चैन आहे. आणि खरी कला वेदनेतूनच येते, चित्रकार व्हॅन गॉगला बघा.

त्या ताईंना दारात उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहितोय.

आधी मोबाईलचं घेतो, कारण मुलांचं खरं नुकसान तिथे होतं. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, दुपारी साडेचारला घाटाच्या दगडी पायऱ्यांवर सावली पडते. त्याच जागेचा फोटो वर्गात रंगवायला दिला की जवळजवळ प्रत्येक मूल सावलीला काळा लावतं. मुलांची चूक नाही, फोटोत ती काळीच असते. उन्हातली पायरी नीट यावी असा उजेड कॅमेऱ्याने धरला की सावलीतलं सगळं बुडतं. हल्लीचे फोन दोन-तीन फोटो जोडून सावली उजळतात खरे, पण मग ऊन आणि सावली यांतला फरकच मरतो. डोळा तसा नाही. तो उन्हातून सावलीकडे वळला की स्वतःला जुळवून घेतो. मिनिटभर टक लावून बघितलं की त्या सावलीत आभाळाचा निळा सापडतो, पाण्यावरून उसळलेला उजेड सापडतो, दगडाचा जांभळटपणा सापडतो. चार-पाच रविवार घाटावर बसलेली मुलं काळी ट्यूब उघडायची आपोआप कमी करतात. मी त्यांना नियम म्हणून काहीही सांगितलेलं नसतं.

शिवाय हवा. एप्रिलमध्ये माहुलीला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला की ब्रश पाण्यात बुडवून परत येईपर्यंत कागद सुकलेला. जुलैमध्ये तोच कागद वाळता वाळत नाही, रंग हवा तिकडे पसरतो. कधी थांबायचं आणि कधी घाई करायची, हे हाताला तिथेच कळतं. हा संदर्भ कोणत्या फोटोत आहे?

आता कामचुकारपणा. चित्र काढताना सगळ्यात आधी थकतं ते लक्ष. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की जोर लावून टिकवलेलं लक्ष दमतं. पानं, पाणी, ढग यांच्याकडे मन जोर न लावता जातं आणि दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो. 2008 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात हे तपासलं गेलं. काहींना झाडांच्या बागेतून चालवलं, काहींना शहरातल्या रस्त्यांवरून. झाडांतून आलेल्यांना ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने जास्त चांगले सांगता आले. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: कडाक्याच्या थंडीत चाललेल्यांना ते चालणं आवडलं नव्हतं, तरी फायदा झालाच. मौजमजेचा हा परिणाम नव्हे.

पण उलट टोकाचे मेसेजही मला पटत नाहीत, झाडाखाली बसलं की कल्पना सुचतातच वगैरे. 2014 च्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त सुचलं. म्हणजे सुचण्यात नुसत्या चालण्याचाही मोठा वाटा आहे. आणि हिंडून येऊन कागद कोराच ठेवला, तर त्याला कामचुकारपणाच म्हणावं.

पैसेवाल्यांची चैन? कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात बुकिंग, शुल्क आणि गर्दी असते, हे खरं. पण साताऱ्याच्या माणसाला कासच कशाला हवं? टेकडीवरची 'चार भिंती' ही जागा आहे, कुरणेश्वर आहे, अजिंक्यताऱ्याची चढण आहे. चप्पल घालून निघायचं. निसर्ग म्हणजे हिरवंगार, धबधबे, फुलं, ही समजूतही टाकली पाहिजे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातला माणदेश किती कोरडा! ग. दि. माडगूळकर पुण्यात स्थायिक झाले, तरी लिहायला माडगुळ्याच्या शेतातल्या साध्या खोपटात, 'बामणाच्या पत्र्या'त, जाऊन बसायचे.

राहिला व्हॅन गॉग. या मुद्द्याचा मला राग येतो, कारण आजारी मुलं तो खरा मानतात. मे 1889 मध्ये तो फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. सुरुवातीला आवाराबाहेर जायची मुभा नव्हती, तेव्हा त्याने तिथल्या बागेतली आयरिसची फुलं रंगवली. आजाराचे तीव्र झटके यायचे तेव्हा त्याचं काम बंद पडायचं. चित्रं झाली ती झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत, आणि त्या दिवसांत त्याच्यासमोर बाग होती, गव्हाचं शेत होतं, ऑलिव्हची झाडं होती. वेदनेने त्याची चित्रं काढली नाहीत, त्याचे दिवस खाल्ले.

मी स्वतः एका वर्षी सात महिने पेन्सिल धरू शकलो नव्हतो. डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या घेतल्या, त्या लागतच होत्या. त्यांची जागा कुठलंही झाड घेत नाही. पण रोज संध्याकाळी चार भिंतीपर्यंत चढायचो. आधी नुसता बसायचो. मग एक दिवस खालच्या घरांची कौलं मोजली. त्यानंतर काही दिवसांनी, बसच्या तिकिटामागे, एक कौल काढलं.

ताई, येत्या रविवारी साडेतीनला निघतोय. मुलीबरोबर टोपी आणि पाण्याची बाटली द्या. जमलं तर तुम्हीही या.