खुलासा : घडी पडलेलं वेस्टर्न पोस्टर नकली नसतं

‘जुन्या वेस्टर्न चित्रपटाचं (म्हणजे अमेरिकी काउबॉयपटाचं) पोस्टर गुंडाळलेलं असेल तरच अस्सल, घडीचं नकली’ असा संदेश संग्राहकांच्या गटांत फिरतोय. हे चुकीचं आहे. वन-शीटच्या, म्हणजे चित्रपटगृहात लावायच्या नेहमीच्या मोठ्या पोस्टरच्या बाबतीत तर जवळजवळ उलट.

अमेरिकेत १९४० पासून पोस्टरं वाटण्याचं बहुतेक काम नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीकडे होतं. २७ × ४१ इंची वन-शीट चित्रपटगृहांना टपालाने जायचं, म्हणून आधीच घडी घातलेलं असे : तीन आडव्या, एक उभी, एकूण आठ चौकटी. १९८० च्या दशकापर्यंत हीच रीत होती. २२ × २८ चं हाफ-शीट आणि १४ × ३६ चं इन्सर्ट हे पोस्टरचे लहान प्रकार जाड कागदावर असल्याने अनेकदा बिनघडीचे मिळतात; गोंधळ बहुधा तिथूनच.

तपासायचं तर आधी मोजपट्टी लावा. २४ × ३६ भरलं, तर ते बहुधा पुनर्मुद्रण. मग घडीवरून बोट फिरवा, कारण नकलेत घडीसुद्धा छापलेली असते आणि कागद सपाट लागतो. खालच्या कडेला ‘५२/…’ असा क्रमांक म्हणजे प्रदर्शनाचं वर्ष १९५२. क्रमांकाआधी ‘आर’ (R) असेल तर पोस्टर पुनर्प्रदर्शनाचं. नुसत्या क्रमांकावर मात्र विसंबू नका, तोही नकलेत जसाच्या तसा उतरतो.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. घडी मोडायला इस्त्री तर नकोच.