‘नुसती शेतीच दाखवलीय’ म्हणणाऱ्यांनो

आज महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पंगती उठल्या, बायका आवराआवरीला लागल्या आणि पोरं वरच्या खोलीत मोबाईल घेऊन पसरली. माझा धाकटा मामेभाऊ लातूरला नीटची तयारी करतो, सणाला आलाय. ‘विनलंड सागा’चा दुसरा सीझन बघत होता, तोही दुप्पट वेगानं, मधेच बोटानं पुढं ढकलत. मी म्हटलं, अरे, हे काय बघणं झालं? तर म्हणतो, “ताई, काहीच होत नाही यात. नुसती शेतीच हाय. शेतीच बघायची व्हती तर गावाकडंच ऱ्हायलो असतो की.” बाकीची पोरं खदाखदा हसली.

घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आता सगळे झोपलेत, आता बोलते.

ज्यांनी ही जपानी ॲनिमे (कार्टून) मालिका बघितली नाही त्यांना थोडक्यात सांगते (ज्यांना बघायचीय त्यांनी इथंच थांबा, पुढं सगळं फोडणार आहे). काळ हजार वर्षांपूर्वीचा, माणसं व्हायकिंग, म्हणजे जहाजांतून येऊन लूटमार करणारे उत्तर युरोपातले लोक. थॉरफिन हे आइसलंडचं पोरगं. त्याच्या डोळ्यांदेखत आस्केलाड नावाच्या टोळीवाल्यानं त्याचा बाप, थॉर्स, मारला. पोरगा सूड घ्यायचा म्हणून त्याच टोळीत राहतो, आस्केलाड सांगेल त्याला मारतो आणि बदल्यात त्याच्याशी लढायची संधी मागतो. २०१९ साली पहिला सीझन आला, २४ भागांचा. लढाया, जाळपोळ, कापाकापी. शेवटी आस्केलाड मरतो, पण थॉरफिनच्या हातून नाही. २०२३ च्या जानेवारीत दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा हाच थॉरफिन डेन्मार्कमधल्या केटिल नावाच्या जमीनदाराकडं गुलाम म्हणून राबतोय. आयनार नावाचा दुसरा गुलाम त्याच्या जोडीला. जंगल तोडायचं, जमीन करायची, गहू पिकवायचा, तो केटिलला विकून आपली सुटका विकत घ्यायची. असे पुन्हा २४ भाग. चाहत्यांनी त्याला ‘फार्मलँड सागा’ असं नावच पाडलं. काहींनी प्रेमानं, बऱ्याच जणांनी चिडून.

या चिडण्याचाच मला राग येतो.

आमचा ओढ्याकडचा एक तुकडा होता, येडी बाभळ माजलेली. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात अण्णांनी आणि आईनं तो वहितीला आणायचं ठरवलं. झाडं तोडायला काही वाटत नाही. कुऱ्हाड चालते, झाड कडाडून पडतं, पोरं ओरडतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते बुडख्यांचं. भोवतीनं खांदायचं, मुळी लागली की तोडायची, खड्ड्यात पाणी सोडून रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पहार घालून बघायची. एक बुडखा तर काही केल्या दाद देईना. शेवटी मामानं आपली बैलजोडी आणली. सोल बांधला, बैलांनी जोर लावला, जोर लावता लावता बैल गुडघ्यावर आले. दिवस मावळायला तो बुडखा बोटभर हलला. अण्णा काही बोलले नाहीत, तिथंच बसून त्यांनी तंबाखू मळली. आई मात्र “हललं गं बाई” म्हणाली आणि पदरानं तोंड पुसायला लागली.

त्या दिवशी आमच्या घरी काहीच झालं नाही का?

आणि तो मामा म्हणजे आज वरच्या खोलीत हसणाऱ्या पोराचा बाप.

मालिकेत हेच आहे हो, अगदी हेच. थॉरफिन आणि आयनार हातांनी बुडखे ओढतात, जमत नाही. घोडा पाहिजे. केटिलचे पगारी गडी गुलामांना घोडा द्यायला तयार नाहीत. मग केटिलचा म्हातारा बाप, स्वेरकेल, म्हणतो, माझ्या घरची कामं करा, घोडा देतो. मी हा भाग आईला लॅपटॉपवर दाखवला होता. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, आईला दोन्ही येत नाही. थोडा वेळ बघून म्हणाली, “खालची मुळी तोडली न्हाई आजून त्यांनी. घोडं काय करंल?” लातूरला एवढा अभ्यास करणाऱ्या पोराला ज्यात काहीच होताना दिसत नाही, त्यात माझ्या आईला पुढचं काम दिसत होतं.

तरी लोक का नाराज होतात ते मला कळत नाही असं नाही. पहिल्या सीझननं सवय लावली. दर दोन-तीन भागांनी तलवार निघणार, कुणीतरी मरणार, पोरगा आस्केलाडवर धावून जाणार. माणूस त्यावर पोसला की त्याला वाटतं, गोष्ट हीच आहे, आता पुढं मोठी लढाई आणि मोठा सूड. पण पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागाचं नाव काय आहे माहितीय? ‘प्रस्तावनेचा शेवट’. करणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की हे २४ भाग म्हणजे नुसती प्रस्तावना, गोष्ट आता सुरू होतीय. आणि आमचे लोक प्रस्तावनेलाच पुस्तक समजून बसले. गोष्ट सुरू झाली तर म्हणे बोअर झालं!

स्टुडिओ बदलला म्हणून बिघडलं, असंही म्हणतात. विट स्टुडिओ गेला, मापा आला, हे खरं. पण दिग्दर्शक तोच आहे, शुहेई याबुता. संथपणा चुकून झालेला नाही, तो मूळ मांगातच आहे, म्हणजे ज्या जपानी चित्रकथेवरून ही मालिका केली तिच्यातच. मांगाकार माकोतो युकिमुरा यांनी २००५ साली हे साप्ताहिकात सुरू केलं, दर आठवड्याची ती गती झेपेना म्हणून त्याच वर्षी मासिकात नेलं. ज्या माणसानं स्वतःच धावपळ सोडून दिली, त्याच्या गोष्टीला पळ म्हणायचं! आणि याला ‘फिलर’ म्हणणारे तर मला भेटूच नयेत. फिलर म्हणजे मांगात नसलेलं, वेळ काढायला घुसडलेलं. ही शेती मांगात पानोपान आहे.

बरं, पहिला सीझन संपला डिसेंबर २०१९ ला आणि दुसरा आला जानेवारी २०२३ ला. तीन वर्षं तलवारीची वाट बघणाऱ्याच्या हातात कुदळ दिली तर तो हिरमुसणार, हे मान्य. क्नूट राजाच्या दरबाराचे काही भाग मलाही लांबल्यासारखे वाटले. झालं, केलं मान्य.

पण गहू! अहो, तो गहू उगवतो तेव्हाचं थॉरफिनचं तोंड बघा. आयुष्यभर फक्त माणसं मारलेल्या पोरानं पहिल्यांदा काहीतरी उगवलंय. ते कोंभ तो कसे बघतो! आणि तोच गहू पगारी गडी येऊन उपटून टाकतात, गुलामांनी आपल्या पुढं जाऊ नये म्हणून. मग भांडण होतं, मारामारी होते, थॉरफिन बेशुद्ध पडतो आणि त्या बेशुद्धीत त्यानं मारलेली माणसं त्याला दिसतात, आस्केलाडही दिसतो. उठतो तो शपथ घेऊनच, यापुढं हिंसा नाही. त्याचं सगळं आयुष्य इथं फिरतं, आणि ते फिरतं उपटलेल्या गव्हापायी. दुप्पट वेगानं बघणाऱ्याला मारामारी तेवढी दिसली असेल, ती कशासाठी झाली ते कुठून कळणार? कोंभ त्यानं पुढं ढकललेले!

ओढ्याकडच्या त्या तुकड्यात अण्णांनी पहिल्यांदा हरभरा टाकला होता. घाट्यावर आला आणि एका रात्रीत रोह्यांनी साफ केला. सकाळी अण्णा बांधावर उभे होते, हात मागं बांधून. रोह्याला शिव्या देऊन काय होणार, ते जनावर आहे. आयनारला निदान कुणावर तरी धावून जाता आलं. मी त्या भागात आयनार ओरडतो तेव्हा रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. रात्रीचं राखणीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, हा भाग संथ आहे का ते.

इथवर लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. पोरगं माळवदावर झोपलंय, उशाला जीवशास्त्राचं पुस्तक. राग जरा उतरला.

कारण तो जे म्हणाला ना, गावाकडंच ऱ्हायलो असतो की, ते नुसतं टवाळीचं बोलणं नाही. मामाची ती बैलजोडी आता नाही. एका वर्षी सोयाबीन काढून शेतात गंजी लावली होती, परतीच्या पावसात ती जागेवर भिजली, शेंगांना कोंब फुटले. पुढच्या पेरणीला पैसा नव्हता, बैल विकले. या पोराच्या क्लासची फी कशी भरली जाते ते घरात सगळ्यांना माहितीय, त्यालाही. त्याच्या डोळ्यांपुढं शेत आलं की त्याला कोंभ दिसत नाहीत, बँकेची नोटीस दिसते. त्यानं अठराव्या वर्षी मोबाईलमध्ये तरी शेत का बघावं? त्याला तलवार पाहिजे, एका घावात विषय संपवणारी. घरात जे संपत नाही ते तिथं वीस मिनिटांत संपतं. हे मी समजू शकते. त्याच्या जागी मीही कदाचित पुढं ढकललं असतं.

पण बाकीच्यांचं काय? ज्यांच्यावर असलं काही ओझं नाही, ते लोक लढाईचे तुकडे कापून, वर दणदणीत गाणं टाकून रील करतात आणि खाली लिहितात, सीझन दोन वाया गेला. लाखो पोरं ते आधी बघतात आणि मग मालिका. बघायला बसण्याआधीच त्यांना सांगितलेलं असतं की इथं कंटाळा यायला पाहिजे. याला मत म्हणतात का? आपल्याकडं तरी हे चालू नये. आपण मिरगाकडं डोळे लावून बसणारी माणसं. पाऊस पडला तर पेरायचं, उघडीप पडली तर दुबार पेरायचं. वाट बघण्यात काय काय होत असतं, ते मराठवाड्यातल्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवावं लागतं का?

आणि ज्यांना लढाईच पाहिजे त्यांना सांगते, सगळ्यात मोठी लढाई याच सीझनमध्ये आहे. क्नूटला इंग्लंडमधल्या सैन्याचा खर्च भागवायचाय म्हणून तो केटिलचं शेत बळकवायला फौज घेऊन येतो. थॉरफिनला राजाला भेटायचंय. राजाची माणसं म्हणतात, शंभर ठोसे खा आणि उभा राहा, मग बघू. तो खातो. उलटा हात उचलत नाही. मला कुणी शत्रू नाही, म्हणतो. लहानपणी बापानं त्याला हेच सांगितलं होतं, तेव्हा त्या पोराला काही कळलं नव्हतं. मग राजा विचारतो, मी ऐकलं नाही तर काय करशील? तर म्हणतो, पळून जाईन. आणि फौज परत जाते. शेत वाचवायला आलेला माणूस एकही घाव न घालता फौज परत पाठवतो, आणि याला तुम्ही म्हणता काहीच होत नाही?

पण ते शंभर ठोसे कळायला आधीचे बुडखे बघावे लागतात. अंगात तो चिवटपणा तिथं आलाय, पहार धरून. रीलवाल्यांनी तेवढे ठोसेसुद्धा कापून रीलमध्ये टाकलेत, मी बघितलंय. नुसते ठोसे बघून काय कळणार? मार खाणारा एक माणूस, बस्स.

ज्यांनी दोन-चार भाग बघून सोडलंय त्यांनी निदान नवव्या भागापर्यंत या, साध्या वेगानं. नीट बघूनही ज्यांना आवडला नाही त्यांनी खाली लिहा, का आवडला नाही ते सांगा, मी वाद घालायला तयार आहे, जागीच आहे. पळवत बघणाऱ्यांनी मात्र माझ्याशी या विषयावर बोलू नये. मामेभावाला यातून सूट आहे, त्याची परीक्षा होऊ द्या.