‘दहापैकी तीन’ म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे

अमेरिकेत पोस्टडॉक करणाऱ्या आपल्या मुलामुलींपर्यंत एक संदेश वारंवार पोहोचतो आहे. ‘असाधारण क्षमते’च्या, म्हणजे ईबी-१ए प्रवर्गात दहापैकी तीन निकष (पुरस्कार, संस्थांचे सदस्यत्व, शास्त्रीय लेखन वगैरे) भरले की मंजुरी ठरलेली, निकष कमी पडला तर पैसे भरून मिळणारा पुरस्कारही चालतो, जलद निर्णयासाठीचे प्रीमियम शुल्क भरले की १५ दिवसांत ग्रीन कार्ड, आणि या प्रवर्गात भारतीयांना रांग नाही, असे त्यात म्हटले आहे. नोबेल लागत नाही आणि मालकाशिवाय स्वतः अर्ज करता येतो, हा त्यातला भाग खरा आहे. बाकीच्या दाव्यांवर विसंबून वर्षे आणि पैसे पणाला लावणे मात्र धोक्याचे आहे.

तीन निकष ही केवळ पहिली पायरी आहे. २०१० च्या कझारियन निकालानंतर इमिग्रेशन विभाग अर्ज दोन टप्प्यांत तपासतो: आधी निकष मोजायचे, मग सगळा पुरावा एकत्र पाहून अर्जदार आपल्या क्षेत्रात अगदी वर पोहोचलेल्या मोजक्या लोकांपैकी आहे का, हे ठरवायचे. हा खटला एका सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाचाच होता. लेखनाच्या निकषासाठी विभागाने नियमात नसलेली अट घातली, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही त्यांचे दोनच निकष भरले आणि अर्ज नाकारलेलाच राहिला. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची प्रशंसापत्रे त्यांच्याकडे होती, परंतु त्यांच्या कामामुळे त्या क्षेत्रात नेमके काय बदलले, हे त्यांतून सिद्ध झाले नाही. ‘अत्यंत हुशार संशोधक’ असे लिहिणाऱ्या दहा पत्रांपेक्षा ‘ही पद्धत आमच्या प्रयोगशाळेने अमुक मोजमापासाठी स्वीकारली आणि आधीची सोडून दिली’ असे सांगणारे, कधी एकत्र काम न केलेल्या शास्त्रज्ञाचे एक पत्र अधिक वजनदार ठरते, ते याचमुळे. सायटेशनचा, म्हणजे इतरांनी आपल्या शोधनिबंधाचा किती वेळा संदर्भ दिला याचा, कोणताही ठरावीक आकडा नियमात नाही.

विकतच्या पुरस्काराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पुरस्कार त्या क्षेत्रातील उत्कृष्टतेसाठी आणि राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा असावा लागतो, तर केवळ वर्गणी भरून मिळणारे सदस्यत्व सदस्यत्वाच्या निकषात बसतच नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला, तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

प्रीमियम प्रक्रियेतले १५ दिवस हे कामकाजाचे दिवस आहेत आणि ते केवळ आय-१४० याचिकेला, म्हणजे या प्रवर्गातली पात्रता मान्य करून घेण्याच्या पहिल्या अर्जाला, लागू होतात. त्या मुदतीत मंजुरीच मिळेल असे नाही. नकार किंवा अधिक पुराव्याची मागणीही येऊ शकते. ग्रीन कार्डाचा अर्ज ही त्यापुढची, वेगळी पायरी आहे.

रांग नसल्याचा दावा आपल्या लोकांसाठी सर्वांत घातक आहे. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांमध्ये प्रत्येक देशासाठी असलेली सात टक्क्यांची मर्यादा ईबी-१ लाही (ईबी-१ए हा त्याचाच भाग) लागू आहे, आणि २०२५ मध्ये भारतासाठीची कट-ऑफ तारीख, म्हणजे ज्या तारखेआधी रांगेत लागलेल्यांनाच ग्रीन कार्ड मिळू शकते ती तारीख, बराच काळ फेब्रुवारी २०२२ मध्येच अडकलेली होती. देश ठरतो तो जन्मस्थानावरून; पुण्यात जन्मून कॅनडाचे नागरिक झालेल्यांनाही भारताच्याच रांगेत उभे राहावे लागते, मात्र पती किंवा पत्नीचा जन्म अन्य देशातला असेल तर त्या देशाचा आधार घेता येतो. ज्यांची ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या प्रवर्गातली) याचिका पूर्वीच मंजूर झालेली आहे, त्यांना तिची जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, सामान्यतः ईबी-१ए साठीही वापरता येते, म्हणून नवा अर्ज करताना त्या मंजुरीची प्रत सोबत अवश्य जोडावी.