‘शुगरच्या गोळ्या बंद, हर्बल चहा सुरू’ : या संदेशातलं खरं किती?

नागपुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. त्यात म्हटलंय: एका ऑरगॅनिक कंपनीचा हर्बल चहा तीन महिने घ्या, शुगर मुळासकट जाईल, गोळ्या बंद करा. वनस्पतीच आहेत, साइड इफेक्ट शून्य. आठवड्यात पोट उतरतं. आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नंबर आहे, म्हणजे सरकारचीच खात्री.

सगळ्यात घातक आहे ते गोळ्यांचं. टाइप १ मधुमेह असलेल्याने इन्सुलिन थांबवलं, तर रक्तात आम्ल साचून एक-दोन दिवसांतही जिवावर बेतू शकतं. टाइप २ मध्ये लगेच काही जाणवत नाही, म्हणून माणूस फसतो. डोळ्यांचा पडदा, किडनी, पायांच्या नसा मात्र आतून खराब होत राहतात. मेथी आणि गुडमार नावाची वनस्पती यांनी साखर थोडी उतरते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण तेवढ्यावर गोळ्या सोडता येत नाहीत. उलट गोळ्यांसोबत गुडमार घेतलं तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

वनस्पती म्हणून निर्धोक? ज्येष्ठमध आपण खोकल्याला चघळतो. तेच रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. बीपीच्या पेशंटला असा चहा डोळे मिटून कसा द्यायचा? गुळवेलीचंही तसंच. कोरोनाकाळात ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. वनस्पती दुसरीच असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो मान्य केला तरी पाकिटातल्या चुऱ्यात नेमकी कोणती वेल आहे, हे घरी कोण ओळखणार?

पोट उतरण्याचं गुपित पाकिटाच्या मागे असतं. तिथे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ज्याचं वजन जास्त तो आधी. ‘डिटॉक्स’वाल्या बऱ्याच पाकिटांत त्यात ‘सेन्ना’ सापडतं. ही आपली सोनामुखी, जुलाबाचं औषध! काटा खाली येतो तो पाणी गेल्यामुळे. चरबी जागच्या जागी.

एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर म्हणजे खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना किंवा नोंदणी. रोग बरा होतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मधुमेह बरा करण्याच्या औषधी जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे.

‘ऑरगॅनिक’ हे पीक कसं पिकवलं त्याबद्दल आहे, औषधी गुणाबद्दल नाही. पाकिटावर सेंद्रिय पदार्थांचं अधिकृत सरकारी चिन्ह आहे का, तेवढं बघा.

गवती चहा, आलं, तुळस आवडीने प्या, मीही पितो. पण हा संदेश वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना किंवा मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवावं, साखर तपासून घ्यावी. जाताना चहाचं पाकीट सोबत न्यावं, म्हणजे डॉक्टरांना मागचे घटक वाचता येतील.