माउंटन मेडोजचं पाप पायूटांच्या माथी नको

अमेरिकेतल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. तो शाळकरी पोरांनीही वाचला, म्हणून हे लिहायलाच हवं. त्यात म्हटलंय: १८५७ साली युटामधल्या माउंटन मेडोज इथे तिथल्या आदिवासींनी, म्हणजे पायूटांनी, कॅलिफोर्नियाला निघालेला गोऱ्यांचा तांडा कापून काढला, एकही जीव वाचला नाही आणि त्यातूनच अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं.

यादवीचं आधी उरकतो. ती १८६१ मध्ये पेटली, गुलामगिरीवरून. युटातला तंटा वेगळा होता: अध्यक्ष ब्यूकॅनननी तिकडे फौज धाडली होती आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्या लढाईच्या तयारीत होत्या. 'एकही वाचला नाही' हेही खोटं. १७ लहान मुलं वाचली आणि १८५९ मध्ये आर्कान्सातल्या नातेवाइकांकडे परत गेली.

खरा संताप येतो तो आदिवासींवर ढकललेल्या खुनांचा. मारेकऱ्यांनी तेव्हाच पसरवलेली ही थाप आहे. वेढा घातला तो स्थानिक मॉर्मन मिलिशियाने, म्हणजे गावकऱ्यांच्या सशस्त्र दलाने, आदिवासींचं सोंग घेऊन. पाचव्या दिवशी, ११ सप्टेंबरला, त्यांच्यातलाच जॉन डी. ली पांढरं निशाण घेऊन तांड्यात गेला. शस्त्रं द्या, सुखरूप सीडर सिटीला पोचवतो, असा शब्द दिला. जखमी आणि तान्ही पोरं गाड्यांतून पुढे, मागे बायका आणि मोठी मुलं, त्यांच्या मागे पुरुष, आणि प्रत्येक पुरुषाशेजारी एक बंदूकवाला, राखणदार म्हणून. इशारा होताच त्या राखणदारांनीच बंदुका चालवल्या. सुमारे १२० माणसं गेली.

काही पायूट हल्ल्यात होते, हे नाइलाजाने मान्य करतो. किती होते, यावर आजही वाद आहे. पण बेत मिलिशियाचा, दगाही त्यांचाच. शिक्षा झाली फक्त जॉन ली याला: १८७७ मध्ये त्याला त्याच जागी नेऊन गोळ्या घातल्या.

माझ्यावर विश्वास नसेल तर मॉर्मन चर्चचं ऐका. २००७ मध्ये, दीडशेव्या स्मृतिदिनी, चर्चच्या वतीने हेन्री आयरिंग यांनी त्याच मैदानावर सांगितलं की पायूटांनी फार काळ मुख्य दोष अन्यायाने सोसला आहे आणि त्यांच्याकडे वेगळा खेद व्यक्त करणं हे आपलं देणं आहे. ज्यांच्या माणसांनी हे केलं तेच कबूल करतात, आणि आपल्या ग्रुपवर अजून पायूटच खुनी!

भाच्या, तो फॉरवर्ड काढून टाक आणि आयरिंग यांचं निवेदन टाक. फॉरवर्डखाली ज्यांनी हात जोडले त्यांनीही ते वाचावं.